व्हॅनचं तापमान उणे चाळीस

३ एप्रिल, गुरुवार

आजपासून रोजनिशी. शुद्ध भाषेत लिहायची. आमच्या आसेगावात बोलतात तशी नाही. कोणी वाचणार नाही हे खरं, पण तांत्रिक नोंदी शुद्ध असाव्यात.

कारण असं की आज व्हॅनमध्ये पिवळा दिवा लागला. मीटरच्या कोपऱ्यात, इंजिनाच्या आकाराचा. आम्ही वांगी, भेंडी, कोथिंबीर घेऊन वाशीमच्या बाजारात निघालो होतो. गोजरा (पत्नी) शेजारी बसली होती. तिने विचारलं, "हे काय लागलं जी?" मी म्हटलं, इंडिकेटर. ती म्हणाली, "इंडिकेटर तं हिरवं रायते." मी विषय बदलला.

येताना फाट्यावर दौलतसिंगच्या गॅरेजला थांबलो. त्याने काहीही न उघडता नुसता कान लावला आणि म्हणाला, "उत्तमभाऊ, हे कॉम्प्युटरचं काम हाय. वाशीमले जाऊन स्कॅनर लावून घ्या. नाई तं सीट उचला, वायरी पाहू. उन्हाचे उंदरं सावलीले गाडीत घुसतात."

उंदीर! गाडीत कॉम्प्युटर आहे हे ज्याला माहीत आहे तोच माणूस पुढच्या वाक्यात उंदीर म्हणतो. मी बारावी सायन्सपर्यंत शिकलेलो आहे (फिजिक्स राहिलं). मला हे पटणं शक्य नाही.

निश्चय: एक, स्वतःचा स्कॅनर मागवणे. दोन, दौलतसिंगला दुखवायचं नाही, पण विचारायचंही नाही. तीन, रोज पाचला उठणे. तिसऱ्याचा गाडीशी संबंध नाही, पण यादी सुरूच आहे तर असू द्यावं.

८ एप्रिल, मंगळवार

स्कॅनर आला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. एका तोंडाला सोळा पिना. मी अठरा मोजल्या होत्या, पण पुस्तिकेत सोळा लिहिलंय, म्हणजे सोळा.

स. ११.०० गाडीत ते खोचायची जागा शोधली. सापडली नाही.
स. ११.४० सापडली. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी. आठ वर्षं माझा गुडघा तिथे आपटत होता. मला वाटायचं, कंपनीने उगाच ठेवलंय.
दु. १२.०० खोचला. लाल दिवा लागला. मोबाईलचं ब्लूटूथ जोडलं. ॲप म्हणालं, गाडीशी संपर्क होऊ शकत नाही.
दु. १२.१० पुन्हा तेच.
दु. १.३० चौदा वेळा तेच. मोबाईल जवळ नेला, लांब नेला, टपावर ठेवला. टपावर फार तापला.
दु. २.०० कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहायला घेतली. 'डिअर सर'पर्यंत झाली.

तेवढ्यात राधिका (कन्या, आयटीआय, मोटर मेकॅनिक, यंदाच पास) आली. खिडकीतून हात घालून तिने चावी फिरवली. गाडी सुरू नाही केली, नुसती चावी फिरवली. संपर्क झाला.

म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर झोपेल होता. झोपेल माणसाले तुमी दोन तास प्रश्न इचारून राह्यले."

मी तिला सांगितलं की मी तेच करणार होतो, आधी बाकीच्या शक्यता तपासत होतो.

९ एप्रिल, बुधवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यात महत्त्वाचा. मी व्हॅनशी बोललो.

पद्धत लिहून ठेवतो. स्कॅनर प्रश्न विचारतो, गाडीचा कॉम्प्युटर उत्तर देतो. दोघंही आकड्यांत बोलतात. विचारल्याशिवाय कॉम्प्युटर तोंड उघडत नाही आणि विचारलं तेवढंच सांगतो. आमच्या घरात अशी पद्धत नाही.

मी विचारलं, शून्य एक, शून्य पाच. याचा अर्थ, बाई, इंजिनाच्या पाण्याचं तापमान किती? उत्तर आलं, एक्केचाळीस, शून्य पाच, शून्य शून्य. यातलं एक्केचाळीस म्हणजे 'तुमचा प्रश्न पोचला'. शून्य पाच म्हणजे 'पाण्याबद्दलच विचारलं ना?' आणि शेवटचं ते उत्तर. इतक्या अदबीने माझ्याशी या गावात कोणीही बोललेलं नाही.

ॲपने उत्तराचं भाषांतर केलं: उणे चाळीस अंश सेल्सियस.

शिवाय एक फॉल्ट कोड. पी-०११८. पाण्याच्या तापमानाच्या सर्किटबद्दल काहीतरी. पुढचं इंग्रजी बारीक अक्षरात होतं.

मीटरमधला तापमानाचा काटाही पाहिला. तोही थंडीच्या बाजूला आडवा पडलेला. म्हणजे दोन साक्षीदार, दोघांचं एकमत. शंकेला जागा नाही. माझी व्हॅन आतून गोठत आहे.

१० एप्रिल, गुरुवार

बाहेर त्रेचाळीस. व्हॅनमध्ये उणे चाळीस. फरक त्र्याऐंशी अंशांचा. लोखंडाला हे सोसत कसं असेल?

कारण शोधलं. कोथिंबीर कोमेजू नये म्हणून गोजरा मागे ओली पोती टाकते. आठ वर्षांचा गारवा हळूहळू पुढे सरकत इंजिनापर्यंत पोचला. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे पोत्यापासून फार लांब नाही.

उपाय: आज पोती कोरडी ठेवली.

निकाल: वाशीमला पोचेपर्यंत कोथिंबिरीचा चहापत्तीसारखा चुरा. गोजराने मला कारण विचारलं. मी सांगितलं. तिने तो चुरा पोत्यासकट माझ्या हातात दिला. स्क्रीनवर अजून उणे चाळीस. आठ वर्षांचा गारवा एका दिवसात जाणार नाहीच.

११ एप्रिल, शुक्रवार

गोधडी घातली.

कपाटातली लहान, जाड, निळ्या काठाची. सीट उचलून इंजिनावर नीट पांघरली, कोपरे दाबले. गावात चक्कर मारली. सीट छान उबदार झाली, म्हणजे उपचार लागू पडतोय. थोडा खमंग वास आला. स्क्रीनवर मात्र उणे चाळीसच. थंडी खोलवर मुरलेली आहे.

संध्याकाळी गोजरा कपाट उपसत होती. "माह्या मायनं शिवेल गोधडी कुठं गेली?" मी म्हटलं, असेल इथेच कुठेतरी. हे खोटं नाही. व्हॅन अंगणातच उभी होती.

१३ एप्रिल, रविवार

बातमी पसरली. तांड्यावरचा लखीराम त्याची जुनी जीप घेऊन आला. जीप चढावर दम टाकते. मी पोर्ट (स्कॅनर खोचायची जागा) शोधला. स्टिअरिंगखाली, सीटखाली, बॉनेटखाली, शेवटी जीपच्याच खाली झोपून पाहिलं. नाही. त्या जीपमध्ये कॉम्प्युटरच नाही.

मी निदान केलं की गाडी मुकी आहे. लखीराम म्हणाला, "मुकी कायले राहीन बावा, हॉर्न तं वाजते." मी त्याला शास्त्रीय भाषेत समजावलं. तो चहा पिऊन गेला. जीप चढावर थांबली, मग गेली.

फाटकावर पाटी लावली: 'गाड्यांशी संवाद साधून मिळेल. उत्तमराव. सकाळी ९ ते ११.' गोजराने पाटी पाहिली आणि त्याच खिळ्याला दुधाची पिशवी अडकवली. आता फक्त 'गाड्यांशी सं' दिसतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आनंदाची बातमी. राधिकाला वाशीमच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून बोलावणं आलं. टेक्निशियनची जागा आहे. लेखी परीक्षा झाली होती, आता मुलाखत आणि प्रॅक्टिकल. २४ तारीख, गुरुवार. वेळ तिने दहा सांगितली.

पोरगी दोन वर्षं आयटीआयमध्ये वीस पोरांत एकटी होती. तिच्या हाताला ग्रीस लागलेलं पाहून गोजराच्या भावाने एकदा विचारलं होतं, इच्यासंगं लग्न कोण करन? राधिकाने त्याच हाताने त्याला चहाचा कप दिला होता. त्या दिवशी मी काही बोललो नव्हतो. बोलायला हवं होतं. असो.

ती म्हणाली, "मी एसटीनं जाईन." मी म्हटलं, एका टेक्निशियनने मुलाखतीला एसटीने जाणं शोभत नाही. मी सोडणार. माझ्या व्हॅनने. ती व्हॅनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं."

१६ एप्रिल, बुधवार

राधिकाशी मतभेद.

तिने माझा मोबाईल घेऊन तो शून्य शून्य पाहिला आणि हसली. म्हणे, कॉम्प्युटर तापमान पाठवताना त्यात चाळीस मिळवून पाठवतो, म्हणून ॲप आलेल्या आकड्यातून चाळीस वजा करतं. शून्य आला तर शून्यातून चाळीस गेले, उरले उणे चाळीस. म्हणाली, "हे थंडी नाई बाबा. शून्य म्हणजे तिले काईच ऐकू येऊन नाई राह्यलं. सेन्सरची वायर तुटेल असन."

मी म्हटलं, काट्याचं काय मग? तोही थंडच सांगतो.

"काट्याले बी थेच वायर सांगते."

एवढ्यावर तिने सीट उचलायला हात घातला. मी अडवलं (गोधडी). सांगितलं, उपचार अर्धवट असताना दुसऱ्या डॉक्टरने पेशंटला हात लावू नये. ती म्हणाली, "दौलतसिंगकाकाले तरी दाखवा." मी म्हटलं, तू पुस्तकातून शिकलीस, मी थेट कॉम्प्युटरशी बोलतो. मुलाखतीत असा अतिआत्मविश्वास दाखवू नकोस.

चावी खिशात ठेवली. झोपतानाही खिशातच ठेवणार.

१८ एप्रिल, शुक्रवार

घरात प्रश्नोत्तराची पद्धत सुरू केली. शून्य एक, शून्य एक म्हणजे चहा झाला का. शून्य एक, शून्य दोन म्हणजे जेवायला काय. गोजराने फक्त आकड्यांत उत्तर द्यायचं.

सकाळी विचारलं, शून्य एक, शून्य एक? उत्तर नाही. तीनदा विचारलं. गोजरा म्हणाली, "दिमाग गेला काय तुमचा?" हे उत्तर आमच्या पद्धतीत बसत नाही. चहा आज मीच केला.

पिवळा दिवा विझवायची युक्तीही सापडली. ॲपमध्ये 'कोड मिटवा' असं बटण आहे. दाबलं की दिवा गेला! थोड्या वेळाने परत लागतो. परत दाबायचं. रोज सकाळी दात घासल्यावर एकदा दाबतो. आता गाडी जवळजवळ दुरुस्त आहे असं म्हणायला हरकत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

मोठा शोध. गोठण्याचं खरं कारण सापडलं: पंखा!

इंजिन थंड ठेवायचा पंखा पुढे जाळीमागे असतो. चावी फिरवली की तो सुरू होतो तो बंदच होत नाही. पाणी उणे चाळीस आणि वर पंखा! हिवाळ्यात तापाच्या माणसाला ओसरीवर झोपवून वारा घालावा तसं हे चाललंय.

वांगी घेऊन फाट्यावर गेलो तेव्हा दौलतसिंगने पंख्याचा आवाज ऐकला. (मी विचारलं नव्हतं. निश्चय क्रमांक दोन पाळला.) तो म्हणाला, "कॉम्प्युटरले पाण्याचा पत्ता लागून नाई राह्यला भाऊ, म्हणून थो भीतीनं पंखा चालूच ठेवते. शायना हाय. त्याले हात लावू नका."

भीतीने. कॉम्प्युटर आणि भीती. मी हसून घेतलं.

घरी येऊन पंख्याचा प्लग काढला. लोंबू नये म्हणून लाल सुतळीने नीट बांधून ठेवला. कामात टापटीप पाहिजे. राधिकाला सांगितलं नाही. मुलाखतीआधी तिच्या डोक्यावर ताण नको.

२३ एप्रिल, बुधवार

चाचणी. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत. अंतर अर्धा किलोमीटर. व्हॅन उत्तम चालली. कोड मिटवला, दिवा गेला, पंखा शांत, सीट गरम. एका वाक्यात सांगायचं तर माझी गाडी या तालुक्यात सगळ्यात निरोगी आहे.

राधिका अंगणात बसून बुटाला पॉलिश करत होती. तिचे कागद एका फाईलमध्ये, फाईल पिशवीत, पिशवी खुंटीला. दर दहा मिनिटांनी उठून पिशवीला हात लावून येते. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, "माहीत हाय, बाबा." कुठल्या अर्थाने म्हणाली ते कळलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

स. ७.५० निघालो. मी, राधिका, गोजरा. गोजराने वांग्याची टोपलीही घेतली. मुलाखतीचा दिवस, पण वाशीमला जातोच आहोत तर म्हणे. मोबाईल समोर लावला. स्क्रीन: उणे ४०. सर्व ठीक.

स. ८.०५ राधिका म्हणाली, पंख्याचा आवाज येऊन नाही राह्यला. मी म्हटलं, बरा झाला.

स. ८.१५ गोजरा म्हणाली, सीट भाजून राह्यली. मी म्हटलं, ऊब आहे ती.

स. ८.२० गोजरा पुढची सीट सोडून मागे टोपलीजवळ जाऊन बसली.

स. ८.२५ राधिका म्हणाली, "बाबा, गाडी बाजूले घ्या." मी स्क्रीन दाखवली. उणे चाळीस. ती म्हणाली, "स्क्रीनले नका पाहू, गाडी बाजूले घ्या." आवाज वाढवला नाही, पण मी लहान असताना आमचे हेडमास्तर असं बोलायचे.

स. ८.२७ घ्यायच्या आत गाडी आपणच थांबली. सीटखालून पांढरं काहीतरी निघायला लागलं. आधी थोडं, मग पुष्कळ.

पुढचं मी झाडाखाली बसून लिहीत आहे. वही जवळ होती हे बरं झालं.

राधिकाने सीट उचलली. आत गोधडी. अर्धी काळी, अर्धी निळी. गोजराने ती बाहेर ओढली, झटकली, काठ हातात धरून पाहिला. ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार होतं.

राधिका पुढे गेली. जाळीतून पाहिलं. लाल सुतळी दिसली असावी, कारण ती बराच वेळ तिथेच वाकून उभी राहिली. मग घड्याळ पाहिलं.

मी म्हटलं, पाच मिनिटं दे, कोड मिटवतो.

तेवढ्यात वाशीमकडे जाणारी एसटी आली. राधिकाने रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात वर केले. मुलाखतीला घातलेले इस्त्रीचे कपडे, पायात चकाकणारे बूट. बस थांबली. ती पिशवी छातीशी धरून चढली. मागून गोजराही चढली, एका हातात टोपली, दुसऱ्यात गोधडी. कंडक्टरने माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे पण का?" गोजरा म्हणाली, "नाई. थे गाडीजवळ रायतात."

बस गेली.

स. ९.१० स्क्रीन अजूनही उणे ४०. समोर वाफ. विचार केला. हिवाळ्यात तोंडातूनही वाफ निघतेच.

स. ९.२० रेडिएटरचं झाकण तपासायला गेलो. दोन बोटं पोळली. अति थंडीनेही त्वचा अशीच भाजते, असं कुठेतरी वाचलंय.

स. ९.४० बोटांना फोड. झाकण थंड नव्हतं. हे मी इथे लिहीत आहे, पण कोणाला सांगणार नाही.

स. १०.०० दहा वाजले. ती पोचली असेल का? फोन करायचा होता. बॅटरी संपली. सकाळपासून मोबाईल व्हॅनशीच बोलत होता.

२५ एप्रिल, शुक्रवार

काल दुपारी गोजराच्या फोनवरून दौलतसिंग दोर घेऊन आला आणि ट्रॅक्टरने व्हॅन ओढून घरी आणली. मी मागे स्टिअरिंगवर. आसेगावातून जाताना लोकांनी हात केले. मीही केले.

त्याने इंजिनाच्या बाजूची एक वायर वर उचलून दाखवली. बोटभर लांबीत कुरतडलेली. तांबं उघडं, एक टोक लोंबत. खाली उंदराची लेंडकं आणि निळा कापूस. गोधडी मिळाल्यावर उंदराने तिथे बिऱ्हाड केलं होतं.

दौलतसिंग 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही. "एवढंसं टाक्याचं काम होतं, भाऊ" असं म्हणाला. हे जास्त लागलं.

इंजिनाचं हेड (वरचं झाकण) तापून वाकलं आहे. उचलून मशीनवर घासावं लागणार. ते काम त्याच्याकडे होत नाही.

उंदराची शक्यता माझ्या नोंदीत ३ एप्रिललाच आहे. पाहून खात्री केली.

राधिका काल संध्याकाळी आली. वेळेत पोचली होती. खरी वेळ साडेअकराची होती. मला दहाची सांगितली होती. मी विचारलं, असं काहून? ती म्हणाली, "तुमी सोडणार होते म्हणून."

मी हे प्रेमाने घेतलं आहे.

२८ एप्रिल, सोमवार

राधिका निवडली गेली!

प्रॅक्टिकलला एक गाडी दिली होती. मुद्दाम एक वायर सोडून ठेवलेली. स्क्रीनवर काय, तर उणे चाळीस! बाकीचे उमेदवार स्कॅनर घेऊन बसले, एकाने तर स्कॅनरच खराब म्हणून सांगितलं. आमच्या पोरीने स्क्रीन एकदा पाहिली, खाली ठेवली आणि सरळ वायरीपाशी गेली. चार मिनिटं लागली. साहेबांनी विचारलं, इतकं लवकर कसं ओळखलं? ती म्हणाली, सर, घरी प्रॅक्टिस झाली.

घरी प्रॅक्टिस झाली! म्हणजे तिची तयारी माझ्याकडूनच झाली. मी दोन आठवडे पी-०११८ घरात जिवंत ठेवला नसता तर? हे मी गोजराला समजावून सांगितलं. ती गोधडीचा जळका भाग कापून उरलेल्या तुकड्याला नवा काठ लावत होती. सुई तोंडात होती म्हणून बोलली नसावी.

पेढे वाटले. दौलतसिंगला दोन.

५ मे, सोमवार

राधिका रुजू झाली. राखाडी गणवेश, खिशावर नाव. सहाच्या बसने गेली. गोजरा फाट्यापर्यंत सोबत गेली. मी पाचला उठणार होतो, आठला उठलो.

आम्ही भाजी आता एसटीने नेतो. टोपल्या टपावर चढवताना कंडक्टर मला 'गाडीवाले काका' म्हणतो.

१६ मे, शुक्रवार

व्हॅन राधिकाच्या सर्व्हिस सेंटरला नेली. दौलतसिंगच्या ओळखीच्या पिकअपला बांधून. मी इस्त्रीचा शर्ट घातला. खिशात पेन आणि स्कॅनर. बोलायचं वाक्यही ठरवून ठेवलं होतं: मी राधिकाचा बाप, आणि या क्षेत्रातला तिचा पहिला मार्गदर्शक. तिच्या साहेबांना हे माहीत असायला हवं.

ग्राहकांना बसायला खुर्च्या आहेत, थंड पाणी आहे. मधे मोठी काच. काचेवर लिहिलंय, ग्राहकांनी आत येऊ नये. मी थोडा आत गेलो होतो. एका मुलीने नम्रपणे परत आणून बसवलं.

काचेतून राधिका दिसली. केस बांधलेले, हातात पाटीएवढा मोठा स्कॅनर. माझ्या व्हॅनमध्ये वाकून तिने तो जोडला. आमचीच व्हॅन, आमचीच पोरगी, पण मला ओळखीचं काही वाटेना. तिने एकदाच प्रश्न विचारला, उत्तर पाहिलं, स्कॅनर बाजूला ठेवला आणि टॉर्च घेऊन सीटखाली शिरली. बराच वेळ फक्त तिचे बूट दिसत होते.

मग सुपरवायझर साहेब आले. मला बोलावलं. मी उठलो, शर्ट नीट केला. वाक्य तोंडाशी आलं होतं.

साहेबांच्या हातात लाल सुतळी होती. त्यांनी चिमटीत धरलेला जळका कापूस दाखवला आणि राधिकाला विचारलं, "पंख्याचा प्लग काढून बांधून ठेवलाय. इंजिनावर कापड टाकलेलं होतं. हे कोणी केलं?"

गाडीच्या कामाच्या कार्डावर तसा रकाना असतो. गाडीवर यापूर्वी कोणी काम केलं. आजूबाजूला तीन-चार टेक्निशियन उभे होते. एक जण सुतळीकडे पाहून हसत होता.

राधिकाने माझ्याकडे पाहिलं नाही. पेन कार्डावर टेकवून थांबली. मग म्हणाली, "माझ्या वडिलांची गाडी आहे, सर. रस्त्यात बंद पडली होती. कोणीतरी अनोळखी माणसानं मदत करायचा प्रयत्न केला." आणि तेच लिहिलं. अक्षर फार सुरेख आहे तिचं. 'अनोळखी इसम.'

खाली ग्राहकाची सही. तिने कार्ड माझ्यापुढे धरलं, बोटाने जागा दाखवली. मी सही केली.

साहेब मला म्हणाले, "काका, अशा माणसांना गाडीला हात लावू देत जाऊ नका. आज इंजिन गेलं, उद्या जीव जाईल."

मी म्हटलं, "नाही देणार, साहेब."

"ओळखीचा होता का कोणी?"

मी म्हटलं, "नाही."